सायकलला जागा

लग्न होऊन मी पुण्याहून दादरला आले तेव्हा माझ्या सामानात एक लेडीज सायकल होती. ती बघून चाळीतल्या लोकांना वाटलं, पुण्याकडे मुलीबरोबर सायकल देण्याची पद्धत असावी. तशी काही पद्धत नव्हती. मी शाळेपासून सायकलवर हिंडले होते आणि माझ्या मागे ती धाकट्या भावाच्या हाती लागली असती, म्हणून मी ती हट्टाने रेल्वेत चढवून आणली. पहिली दोन वर्षं ती गॅलरीत धूळ खात उभी राहिली. शेजारणी तिच्या हँडलवर ओली फडकी वाळत घालायच्या आणि वर मलाच विचारायच्या, "ही विकणार कधी?"

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. घरात आवाज चढवणं सोडाच, मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत. असा हा माणूस एका सकाळी सत्याग्रहाला गेला आणि थेट तुरुंगात जाऊन बसला. सासूबाईंनी चाळभर पेढे वाटले. शाळेने पगार थांबवला. घरात उरलो आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि पाच महिन्यांची मुलगी.

टायपिंगची परीक्षा मी लग्नाआधी दिली होती, ती कामाला आली. परळला एका कापडाच्या कंपनीच्या ऑफिसात मला नोकरी मिळाली. मुलाखत हेडक्लार्कनी घेतली. कोट, टोपी, कपाळाला गंध आणि माणूस असा कडक, की त्यांच्यासमोर पंखासुद्धा दबकत फिरायचा. त्यांनी विचारलं, "घरी लहान मूल वगैरे नाही ना? मागच्या बाई त्याच कारणाने गेल्या." मी म्हटलं, नाही. साफ खोटं बोलले आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. खरं बोलले असते तर त्या तीन तोंडांना घालायला कोण येणार होतं?

आता अडचण अशी, की मुलगी अंगावर पीत होती आणि दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हती. सासूबाई बोंडल्याने गाईचं दूध पाजायला बघायच्या, तर ही बया ते सगळं त्यांच्या अंगावर थुंकायची. म्हणजे दुपारच्या सुटीत घरी जाऊन तिला पाजून परत येणं भागच होतं. परळहून दादर काही लांब नाही, पण ट्रॅमचा भरवसा नव्हता. मोर्चा कधी निघेल आणि ट्रॅम कुठे अडकून पडेल, याचा त्या दिवसांत नेमच नव्हता. सायकलला कोण अडवणार? मी गॅलरीतून सायकल काढली, शेजारणींची फडकी त्यांच्या दारात नेऊन ठेवली आणि चाकांत हवा भरली.

जाण्यायेण्याचा प्रश्न सुटला आणि ठेवण्याचा उभा राहिला. ऑफिस तळमजल्यावर होतं, तीन पायऱ्या चढून. दाराबाहेर फूटपाथ आणि फूटपाथवर दिव्याचा खांब. मी खांबाला साखळी घालून सायकल लावायला लागले. पहिल्या आठवड्यात पंप गेला. मग घंटी गेली. आमच्या ऑफिसचा शिपाई मालवणकडचा होता. तो म्हणाला, "बाई, हयसर ठेवाल तर एक दिवस नुसती साखळी ऱ्हवतली. ती पण काय ऱ्हवची नाय." दोनच दिवसांनी मी दुपारी बाहेर आले तर सायकलवर सीट नव्हती. मुलगी घरी वाट बघत होती. मी तशीच उभ्याने पेडल मारत दादरपर्यंत गेले आणि उभ्यानेच परत आले. रस्त्यावरच्या पोरांना वाटलं, ही बाई सर्कशीतली. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

नवी सीट बसवली आणि मग समोरच्या इराण्याच्या हॉटेलात गेले. मालक दिलदार होता. त्याने दाराच्या आत, गल्ल्याजवळ जागा दिली. चार दिवस झकास गेले. गिऱ्हाइकं माझ्या कॅरिअरवर चहाचे कप ठेवायची आणि हँडलला छत्र्या अडकवायची, तेही मी चालवून घेतलं. पाचव्या दिवशी बारा वाजता एकदम आरडाओरडा झाला, हरताळ पुकारला गेला आणि सगळ्या परळभर दुकानांच्या फळ्या खाडखाड लागल्या. मी धावत बाहेर आले तर इराणी कुलूप घालून निघालेला. सायकल आत.

"अहो, माझी सायकल!"

"बाय, हरताल म्हणजे हरताल. एक वेला उघडला तर दगड येल." आणि त्याने माझी समजूत काढली, "तुजी सायकल एकदम सेफ हाय. मुंबईमदी आज सगल्यात सेफ सायकल तुजीच."

त्या दुपारी मी घरी पोचलेच नाही. संध्याकाळी चालत गेले तेव्हा जिन्याच्या तळाशीच मुलीचं रडणं ऐकू आलं. सासूबाईंनी फक्त तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन भांडी घासायला बसल्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की आठ दिवसांत सायकलला पक्की जागा मिळाली नाही तर नोकरी सोडायची. पुढचं मात्र काही सुचत नव्हतं.

जागा होती, तेच तर दुखणं होतं. ऑफिसात मागच्या बाजूला रेकॉर्डची खोली होती. जुनी दप्तरं एका भिंतीला रचलेली, बाकी अर्धी खोली मोकळी, खिडकीला गज, दाराला भलं मोठं कुलूप. त्याची किल्ली हेडक्लार्क जानव्याला बांधून ठेवायचे. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं.

"रेकॉर्डच्या खोलीत सायकल?" त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे ऑफिस आहे. तबेला नव्हे."

"एक कोपरा फक्त. रोज दुपारी घरी जावं लागतं म्हणून म्हणते."

"कशाला जावं लागतं?"

"जेवायला."

"इथे सगळे डबा आणतात."

"मला गरम लागतं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, की पुण्याच्या लोकांबद्दल आजवर जे जे ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं. त्यांनी चष्मा परत लावला आणि विषय संपला.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. ऑफिसात त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. साहेबांनी पूजेला परवानगी दिलेली, सुटीला नाही. त्यामुळे सकाळी टाइपरायटर, तिजोरी, दौती, पंचिंग मशीन अशी सगळी मंडळी हळदकुंकू लावून घ्यायची आणि पूजेनंतर त्यांना हात लावायचा नाही म्हणून माणसं संध्याकाळपर्यंत नुसती बसून राहायची. पूजा हेडक्लार्क स्वतः सांगायचे आणि स्वतःच करायचे. हे शिपायाने मला आदल्या दिवशी सांगितलं आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पूजलेली वस्तू आहे तिथून हलवत नाहीत. सायकलची एकदा ऑफिसात पूजा झाली, की दसरा उलटेपर्यंत ती आत. आणि चारदोन दिवस एखादी गोष्ट एका जागी राहिली की आपल्याकडे ती तिथलीच होते.

सकाळी मी सायकल धुऊनपुसून नेली. शिपायाने पुढचं चाक धरलं, मी मागचं, आणि तीन पायऱ्या चढवून आम्ही तिला थेट माझ्या टेबलाशेजारी उभी केली. हेडक्लार्क धोतर नेसून, उघड्या अंगाने, हातात ताम्हण घेऊन आले आणि थबकले.

"हे काय?"

"हत्यार," मी म्हटलं.

"तुमचं हत्यार टाइपरायटर."

"टाइपरायटर कंपनीचा आहे. माझं स्वतःचं म्हणाल तर हे एवढंच."

कॅशियर हसायला लागले. ते पोटाने आणि मनाने सारखेच मोठे होते. म्हणाले, "घ्या हो पूजा करून. वर्षाचा सण आहे." हेडक्लार्क माझ्यावर कितीही जळफळत असले तरी धर्मकृत्यात कसूर करणारे नव्हते. त्यांनी सायकलच्या हँडलला हळदकुंकू वाहिलं, दिव्याला लावलं, मग खाली बसून दोन्ही पेडलांना लावलं, अक्षता टाकल्या आणि झेंडूचा हार घातला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

नमस्कार करून ते उठले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "झालं. आता उद्यापर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

सायकल आत राहावी म्हणून मी एवढा खटाटोप केला आणि मग दुपारी घरी जायचं कशावर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लहानपणापासून दर खंडेनवमीला पुस्तकं पाटावर मांडून त्यांना दिवसभर हात न लावलेली मुलगी मी!

सुटी झाली तशी मी ट्रॅमकडे धावले. नाक्यावर मोर्चा होता. ट्रॅमा एकामागे एक उभ्या होत्या आणि ड्रायव्हर खाली उतरून घोषणा ऐकत होते. चालत जाऊन वेळेत परत येणं शक्य नव्हतं. साहेब त्या दिवशी हजर होते. मी ऑफिसात परत आले आणि सरळ सायकलचं हँडल धरलं.

हेडक्लार्क आडवे आले. "बाई, पूजा झालीय तिची."

"मला जायचंय."

"एक दिवस गार जेवलं तर काही बिघडत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. छाती दुधाने ठणकत होती, मी पदर पुढे ओढून घेतला होता आणि समोर सगळे पुरुष. कुणाला काय सांगणार आणि कुठल्या तोंडाने? हँडल सोडवत नव्हतं आणि ओढवतही नव्हतं. अशी किती वेळ उभी राहिले असते कोण जाणे, पण तेवढ्यात दारातून रडण्याचा आवाज आला. तो आवाज मी हजारात ओळखला असता.

सासूबाई पायऱ्या चढून आत आल्या. नऊवारीचा ओचा खोचलेला, पायांवर धूळ आणि खांद्यावर लालबुंद होऊन किंचाळणारी मुलगी.

"अगो, पूजेची सायकल आज हलायची नाही आणि ट्रॅमाही बंद आहेत कळलं, म्हणून चालतच आणली हिला. मोर्चातल्या पोरांनी वाट करून दिली हो. बिचारे घोषणा थांबवून बाजूला झाले." त्यांनी मुलगी माझ्या हातात दिली. "सकाळपासून थेंब नाही पोटात. पाज आधी." मग त्यांनी हेडक्लार्ककडे वळून, कांदे कुठे मिळतात असं विचारावं तसं विचारलं, "इथे आडोसा कुठे आहे?"

ऑफिसात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण मुलगी रडत होती, त्यामुळे तिचंच रडणं ऐकू आलं. कॅशियर तिजोरीकडे तोंड करून उभे राहिले. हेडक्लार्कनी मुलीकडे बघितलं, मग सायकलकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. मुलाखतीत बोललेलं खोटं सगळ्यांसमोर माझ्याच खांद्यावर बसून किंचाळत होतं.

ते रेकॉर्डच्या खोलीशी गेले, किल्ली जानव्याला असल्यामुळे कुलपासमोर जवळजवळ कुबड काढून वाकले आणि दार उघडलं. जुन्या दप्तरांवरची सतरंजी स्वतः झटकून खाली घातली. आम्ही आत गेलो तसं दार ओढून घेतलं आणि बाहेर पाठ करून उभे राहिले. मधे कुणीतरी आलं असावं. त्यांचा आवाज ऐकू आला, "आत कामं चालू आहेत. नंतर या." मी हसले आणि मुलगी दचकून पुन्हा प्यायला लागली.

ती झोपल्यावर मी दार उघडलं. नोकरीचं काय ते एकदाचं ऐकून घ्यावं म्हणून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"रोज दुपारी यासाठी जात होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"परवापासून सायकल त्या खोलीत लावा. किल्ली माझ्याकडे मागायची." ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. "पण जायचं, पाजायचं आणि यायचं. सुटी तेवढीच. मग तुम्ही जेवता कधी?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रोज दुपारी त्या माझं पान वाढून ठेवायच्या आणि मी "ऑफिसात खाल्लंय" म्हणायचे. इथे मी "घरी जेवते" म्हणायचे. दोन्हीकडच्या माणसांना ते पटलं होतं आणि मलासुद्धा हळूहळू पटायला लागलं होतं.

"जेवत नाही," मी म्हटलं, आणि इतके दिवस सीट गेली, हरताळ झाला तरी न रडलेली मी तिथे ढसाढसा रडले.

सासूबाईंनी झोपलेली मुलगी सरळ हेडक्लार्कच्या हातात दिली आणि कॅशियरच्या टेबलावरचा डबा विचारता न विचारता उघडला. माझं जेवण होईपर्यंत हेडक्लार्क तिला छातीशी धरून हार घातलेल्या सायकलपाशी येरझारा घालत होते आणि कुणी मोठ्याने बोललं की डोळे वटारत होते.