निम्मा शब्द ऐकणाऱ्याचा

पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत रोज एवढी माणसं बोलतात, पण त्यांच्यातला एकही जण शब्द पूर्ण उच्चारत नाही, हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच आहे आणि तो माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी त्यांना ‘समोरचे’ म्हणतो. आम्ही दोघांनी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटीच्या एकाच खात्यात आयुष्य काढलं. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, बरोबर मापाचा आहे की नाही हे मी गेज लावून ठरवायचो. ते माझ्याच शेजारी बसून तेच काम करायचे, पण त्यांचं निम्मं लक्ष जॉब घेऊन येणाऱ्याच्या तोंडाकडे असायचं. या माणसाविषयी आमच्या सोसायटीत एक खोटी गोष्ट पसरली आहे. ती पसरवण्यात माझा वाटा मोठा असल्यामुळे ती निस्तरणंही माझ्याकडेच आलं.

समोरच्यांचं म्हणणं असं, की बोलणारा शब्दाचा निम्माच माल पोचवतो; उरलेला निम्मा ऐकणारा आपल्या घरून आणतो. हे सिद्ध करायला त्यांनी कॅन्टीनमध्ये एक खोकला तयार केला होता. ‘उद्या फर्स्ट शि–’ एवढं म्हणून ते खणखणीत खोकायचे आणि पुढे ‘–टला कोण आहे?’ असं विचारायचे. चार जण हात वर करायचे. मग ते विचारत, “मी ‘शिफ्ट’मधला ‘फ’ म्हणालो का?” सगळे शपथेवर सांगायचे, म्हणालात. “अरे राव, तिथं मी खोकत होतो!” हा प्रयोग त्यांनी इतक्या वेळा केला, की सुपरवायझरने घाबरून त्यांना छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रे स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तेव्हा हे म्हणाले, “तुम्ही ‘त्याच्यानंतर’ म्हणत नाही हो, ‘त्याच्यांतर’ म्हणता.” डॉक्टरांनी पुढचं पथ्य सांगितलंच नाही. नुसत्या बोलण्यावरून ते माणसाचा जिल्हा ओळखायचे. गेटवरच्या नव्या वॉचमनला एकदा म्हणाले, “तुम्ही परभणीचे.” तो म्हणाला, “न्हाई वो, मी हितलाच हाय. आई परभणीची.” त्या दिवशी समोरचे कॅन्टीनवाल्याकडून सगळ्यांसाठी दुसरा चहा मागवून बसले. मी हातात गेज धरून तासाभरात जेवढं शोधायचो, तेवढं ते एका वाक्यात शोधतात, असा माझा तेव्हा समज होता. अर्थात, त्या शोधाचा कंपनीला काडीचाही उपयोग नव्हता.

निवृत्तीनंतर वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून त्या सावरल्या, डोकं पहिल्यासारखं तल्लख राहिलं, पण बोलणं विरघळलं. आम्हाला ऐकू यायची ती नुसती लांबट ‘आ’ आणि ‘ऊ’ची रांग. समोरचे मात्र शेजारी बसून ते भराभर आम्हाला सांगायचे, तेही वहिनींच्या चाकणकडच्या बोलीत. माझ्या बायकोने लाडू नेले, तर म्हणाले, “ती म्हणतेय, हे लाडू फोडाया परत कंपनीत न्यावं लागत्याल.” सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले आणि गुडघ्यांविषयी तासभर बोलले. तेव्हा समोरचे म्हणाले, “ती म्हणतेय, ह्यो मानूस बसला की खुर्चीला पन झोप येती.” सेक्रेटरी चहा न पिता गेले. लाडवांचा राग माझ्याही मनात होता. कट्ट्यावर मीच विनोद केला, की समोरचे आयुष्यभर जे बोलायला घाबरले ते आता बायकोच्या नावावर बोलून घेतायत. विनोद फार चालला. पुढे पुढे लोक तो खरं म्हणून सांगू लागले, आणि कोणीतरी तो त्यांच्या मुलाच्याही कानावर घातला.

मुलगा बंगळूरला असतो. तो आला तो ठरवूनच, की आईला तिकडच्या एका केंद्रात ठेवायचं. तिथे अशा माणसांची नीट काळजी घेतात. वहिनी बराच वेळ बोलल्या. समोरचे म्हणाले, “ती म्हणतेय, मी हितनं हालनार न्हाई. तुझ्या बंगळूरात माझ्याशी बोलंल कोन?”

“बाबा, हे तुम्ही म्हणताय,” मुलगा म्हणाला. “आई खरंच असं म्हणाली असेल तर मी आत्ता तिकीट रद्द करतो. पण मला कसं कळणार? काका, तुम्ही सांगा.”

मी काय सांगणार! मला जे येत होतं ते मी केलं. आमच्या खात्यात दोघांच्या मापात फरक पडला, की एकाचं रीडिंग दुसऱ्याला न दाखवता जॉब पुन्हा मोजायचा अशी रीत होती. मी समोरच्यांना जिन्यात उभं केलं. मुलगा वहिनींना एकेक वस्तू दाखवत गेला, वहिनी तिचं नाव घेत गेल्या, आणि मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. मग समोरच्यांना आत बोलावून ऐकवलं. चमच्याला ते साडी म्हणाले. कंगव्याला पाणी म्हणाले. एकही बरोबर आलं नाही. मुलाने मान खाली घातली. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी फोन खिशात घातला.

“रिजेक्ट,” मी हळूच म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं.

समोरच्यांचा चेहरा उतरेल असं मला वाटलं होतं. ते उलट खुर्ची ओढून बसले. “ठीक आहे राव. आता एक जॉब तुमचा.” मुलाला म्हणाले, “काकांना बोलू दे आणि रेकॉर्ड कर.” मला म्हणाले, “कॅन्टीनविषयी सांगा.” मी सुटलो. उसळ, पातळ ताक, खोकला, सगळं सांगितलं. मग त्यांनी मुलाला माझ्या बोलण्यातला मधला एक तुकडा तेवढा कापून वाजवायला सांगितला. फोनमधून आवाज आला, “ताल्यात.”

“काय हे?” समोरच्यांनी विचारलं.

“कोणीतरी तेलात पडलंय,” मी म्हणालो.

“काका, हा तुमचाच आवाज आहे,” मुलगा म्हणाला. त्याने पुन्हा वाजवलं. मी पुन्हा तेलातच. शेवटी त्याने पूर्ण वाक्य लावलं: ‘त्यातल्या त्यात आपल्या इथली उसळ बरी होती.’ ‘ताल्यात’ म्हणजे ‘त्यातल्या त्यात’, एकदम लख्ख! माझं मलाच कळलं नव्हतं.

“सुटा शब्द कापून आणलात तर कोणाचाच कळत नाही,” समोरचे म्हणाले. “तिला चमचा, कंगवा म्हणायला लावताय. ती काय दुकान मांडून बसलीय? तिला बोलू द्या. आणि तू तिच्या तोंडाकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस. मी एक अक्षर बोलणार नाही.”

वहिनी बोलू लागल्या. मुलगा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. समोरच्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. वहिनी बोलता बोलता माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक म्हणाल्या, आणि मुलगा एकदम फस्सकन हसला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काका, ती म्हणतेय, ह्यांच्या बायकूचं लाडू आन् ह्यांची परीक्षा, दोन्ही एकाच साच्यातलं.”

वहिनींनी चांगला हात गादीवर आपटला. मग मुलाचा हात धरून त्या पुन्हा बोलल्या, हळू, थोडंच. या वेळी तो हसला नाही. “बरं,” तो म्हणाला. “नाही नेत.”

सोसायटीतल्या सर्वांनी हे वाचावं. लाडू, खुर्ची, बाकीचंही सगळं वहिनीच बोलल्या होत्या. समोरच्यांनी पदरचं काही घातलं नाही. उलट मला शंका आहे, की त्यांनी बरंचसं सौम्य केलं असणार.

आता रोज संध्याकाळी मुलगा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तेवढा वेळ समोरचे दोन्ही घरांची दारं उघडी ठेवून माझ्याकडे येऊन बसतात. परवा मी मुद्दाम एक शब्द अर्धा खाल्ला, पकडतात का बघायला. त्यांचं लक्षच नव्हतं. पलीकडून वहिनींचा आवाज आला आणि पाठोपाठ मुलाचं हसू.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक,” ते म्हणाले. “त्याला कळलं ना, बास.”