चांदबीची शिकवणी

चांदबीमावशी बांगड्या भरायला बसली की आधी हात दाबायची आणि मग हाताच्या मालकिणीचा उद्धार करायची. "हात हाय का लाकूड? नवऱ्याला बडवून असा झाला व्हय?" तरी लोणावळ्याच्या बायका तिच्याकडेच जायच्या, कारण तिच्या हातून बांगडी फुटत नसे. तिची स्वतःची बोटं मात्र करंगळीकडे कललेली, सांधे सुपारीएवढे.

माझी तिची गाठ पडली ती महायुद्धाच्या आधी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, संक्रांतीला. सासूबाईंनी तिला घरी बोलावलं होतं. तिनं माझ्या बोटांची मुळं दाबली आणि थट्टा थांबवली.

"सकाळी मूठ वळती का, पोरी?"

"उन्हं वर येईपर्यंत नाही."

"दोनी हातांची?"

"दोन्ही."

"मग माज्याच जातीची हायेस. आमवात."

'जात' ऐकून सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचं निदान वेगळं होतं: आळस. भाकरी थापता येत नाही ती सून कशाला, तिकोणा पेठेला माहेरी धाडून देऊ, असं त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं देवाला सांगायच्या. त्याआधी एका बुवाकडून माझ्या मनगटांवर डाग द्यायचं ठरलं होतं. चांदबीनं बाही वर करून जुने व्रण दाखवले. "ह्ये बगा काकू, मलाबी डागलंय. आमवात हाय तितंच हाय, वरचं कातडं तेवडं गेलं."

मग माझ्या मनगटात रुतलेल्या बांगड्या वाढवाव्या लागतील, म्हणाली.

"संक्रांतीला सवाष्णीचे हात मोकळे?" सासूबाई ओरडल्या. "माझा मुलगा जिवंत आहे!"

"त्यो काचंवर जगतोय व्हय? मग रेल्वे पगार कशापायी देती? सूज उतरंस्तवर पिवळा दोरा बांधा."

सासूबाई पुटपुटत पिवळा दोरा शोधायला उठल्या. ते दृश्य पाहून मला झालेला आनंद मी आजही लपवत नाही.

पुढे दर बाजाराच्या दिवशी ती बांगड्यांचं निमित्त करून माझी शिकवणी घ्यायला यायची. सकाळी हात कोमट पाण्यात, एकेक बोट हळू उघड-मीट. हंडा बोटांनी नाही, दोन्ही तळव्यांनी उचलायचा. धुणं पिळायचं नाही, दांडीवर निथळू द्यायचं. सांधा गरम असेल तर विसावा, निवला की हलवायचा. मी मुकाट्यानं सोसलं तर भडकायची, "सोसनारीला शाबासकी न्हाई मिळत, आनखी धुनं मिळतं!" दवाखान्यातलं औषधही तिनंच सुरू करायला लावलं. "पर बाटली काय तुजी बोटं हलवायला येनार न्हाई." मी कंटाळले की शांतपणे म्हणायची, "नको करूस. तिकोणा पेठंची हवा झ्याक हाय."

होळीनंतर मी भाकरी थापली. सासूबाईंनी ती सबंध खाल्ली आणि कडा जाड आहेत म्हणाल्या. देवाशी चाललेलं ते बोलणं मात्र बंद पडलं.

आमवात गेला नाही, तो जातही नाही. काही वर्षांनी चांदबीची बोटं पार आखडली आणि धंदा सुटला. ती गेली त्याच्या आधीच्या ईदेला मी बांगड्या घेऊन तिच्या घरी गेले. तिचा हात मांडीवर घेतला, ती मिटवायची तसा पंजा हलकेच मिटवला आणि एकेक बांगडी सरकवली. सातवी काडकन फुटली. मला रडूच कोसळलं.

"जन्मात माज्या हातनं एक फुटली न्हाई," ती खेकसली, "आनि माजी चेली म्हनवतीस!" मग तिनं वाकड्या बोटांनी माझ्या बोटांची मुळं चाचपली.

"मूठ वळती न्हवं सकाळी?"

"वळते, मावशी."

"मग रडतीस काय? भर की दुसरी."