दक्षिणेकडं तोंड केलेली पेटी

बंब पेटवला की धुरानं मला दमा उठायचा. म्हणून आमचे हे सैन्यातून सुटीवर आले तेव्हा त्यांनी कडेगावच्या घराच्या माळवदावर उन्हावर पाणी तापवणारी एक पेटी बसवली. छावणीत कुठंतरी पाहिली होती म्हणे. आत काळा पत्रा, त्यावर नळ्या, वरून काच आणि शेजारी उंचावर रबरी नळीनं जोडलेलं, पाचटात गुंडाळलेलं पिंप. पेटी तिरकी, तोंड दक्षिणेला. थंडीत सूर्य दिवसभर त्याच अंगानं जातो, असं ते म्हणाले. तापलेलं पाणी आपोआप वर पिंपात चढतं, हेही सांगितलं. पाणी वर कसं चढेल, ते मला काही केल्या उमगेना. पण संध्याकाळी तोटीखाली हात पोळला आणि मी डोकं चालवायचं सोडून दिलं.

ते नोकरीवर परतले आणि थोड्याच दिवसांत लढाई लागली. त्यानंतर पाणी कोमट यायला लागलं. ऊन तेच, काच मी रोज पुसत होते, मग बिघडलं काय? वर जाऊन पाहिलं तर पेटीचं तोंड पूर्वेला. वाऱ्यानं एवढी जड पेटी फिरेल? मी ती सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्वेला. सासूबाईंना विचारलं, तर त्या भानगडीला आपण हातच लावत नाही म्हणाल्या. मलाच भ्रम होतोय की काय, असं वाटायला लागलं.

एका सकाळी शेंगा वाळत घालायला वर गेले. मामंजी सूर्याला अर्घ्य देऊन, तांब्या बाजूला ठेवून पेटी फिरवत होते. अशानं पाणी तापत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते ओशाळले.

"यमाची दिशा हाय ती, पोरी. त्येच्या हातची वस्तू तिकडं तोंड करून कशी ठेवू? त्यो तिकडं लढाईवर."

मला राग यायला हवा होता. भीती वाटली. पाणी कशानं तापतं आणि माणूस कशानं वाचतो, सगळा गुंता झाला. मी खाली येऊन बंब पेटवला आणि खोकत बसले.

लढाई संपली, हे सुखरूप सुटीवर आले. सगळं ऐकून पोट धरून हसले, वडिलांची थट्टा केली आणि पेटी दक्षिणेला वळवली. सुटीभर कढत पाणी मिळालं. मामंजी अर्घ्य देऊन पेटीला हात न लावता खाली यायचे.

हे परत निघाले त्या दिवशी एसटी दिसेनाशी होईपर्यंत मी फाट्यावर उभी होते. घरी आले, जिना चढले आणि पेटी पूर्वेला फिरवली.