स्कार्फवाली

उदगीरच्या स्टँडवरून सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो, मी आणि तबस्सुम. साल २००६. तिची अम्मी खिडकीशी येऊन मला म्हणाली, "तेरे भरोसे पे भेज रई हूं." माझे अब्बा मदरशात हदीस शिकवायचे. ते एवढंच म्हणाले, "पहुंचे बगैर पहुंची नक्को बोलना." मला ती खोड होती. कुठंही निघाले की अर्ध्या वाटेवरूनच पोचले म्हणून फोन करायचे.

पुण्याजवळच्या माण गावात खोली मिळाली. घरमालकीण हौसामावशी. शेत आयटी पार्कात गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी आठ खोल्या बांधल्या होत्या. तबस्सुम एका कंपनीत विम्याचे फॉर्म भरायची. मी एका लहानशा ऑफिसात हदीसच्या रावींची माहिती संगणकावर चढवायचे. रावी म्हणजे पैगंबरांचं वचन ऐकून पुढं सांगणारा माणूस. यानं त्याच्याकडून ऐकलं, त्यानं अमक्याकडून, अशी साखळी प्रत्येक हदीसच्या आधी असते. तिला सनद म्हणतात. जुन्या विद्वानांनी एकेका रावीची चौकशी करून ठेवली आहे. खरं बोलायचा का? स्मरण कसं होतं? ज्याचं नाव सांगतो, त्याला खरोखर भेटला होता का? एक कडी कच्ची निघाली की हदीस जईफ, म्हणजे कमजोर. सांगणारा कितीही नेक असो.

काम मला आवडायचं आणि त्यानंच मी अस्वस्थही व्हायचे. दिवसभर हजार-बाराशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांचा खरेपणा तपासायचा, आणि संध्याकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांच्या धुरातून अशा गावात परतायचं, जिथं कुणाला कुणाची धड ओळख नाही. उदगीरला आमच्या गल्लीत शिंकलं तरी पलीकडच्या घरातून दुवा यायची. इथं मी खोलीत येरझाऱ्या घालायचे. तबस्सुम म्हणायची, "बैठ ना गे जरा."

दीड वर्ष झालं असेल. एका रविवारी शेजारच्या खोलीतली सोनाली म्हणाली, "तुझी रूममेट लवासाच्या रस्त्याला दिसली म्हणे. बाइकवर, एका मुलाबरोबर."

तबस्सुम त्या दिवशी ओव्हरटाइमला म्हणून गेली होती. मी घाबरले. तिला माझ्या भरवशावर पाठवलं होतं. आणि आता लिहितेच आहे तर हेही लिहिते: दोघींतली शहाणी मी, याचं थोडं बरंही वाटलं. त्याच दुपारी मी माझ्या अम्मीला फोन केला. सोनालीच्या 'दिसली म्हणे'मधला 'म्हणे' मी सांगितलाच नाही.

अम्मीकडून ते तबस्सुमच्या घरी पोचलं, आणि चौथ्या दिवशी तिचा भाऊ आला. काय झालंय हे तिला त्याच्याच तोंडून कळलं. ती भांडली नाही. बॅग भरताना एकदा माझ्याकडं पाहिलं, तेवढंच.

ती गेल्यावर हौसामावशी दारात उभ्या राहिल्या. "तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस?"

"नाही. सोनाली म्हणाली."

"मंग तिनं बघितलं व्हय?"

तेही मला माहीत नव्हतं. सोनालीला गाठलं, तर तिला डबा देणाऱ्या मंदाताईंनी सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून मी जवळच्या चांदे गावात त्यांच्या घरी गेले. त्या पोळ्या लाटत होत्या.

"म्या कुटं नाव घेतलं?" त्या म्हणाल्या. "स्कार्फवाली एक पोरगी दिसली, तुमच्या खोल्यांकडची वाटली, एवढंच म्हणलं. तोंड बांधलेलं, वळखायची कशी?"

पुण्यात गाडीवर बसणारी प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ बांधते. सोनालीला मात्र स्कार्फ म्हटल्यावर रोज डोक्याला तो बांधणाऱ्या आम्ही दोघीच आठवलो, आणि त्यातली एक तर तिच्यासमोर उभी होती; मग उरली तबस्सुम. तिथून मी तबस्सुमच्या ऑफिसच्या फाटकापाशी गेले. तिच्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणाली, "त्या रविवारी? दिवसभर माझ्या शेजारच्या खुर्चीत होती ती."

अब्बांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "उसकू पूछी थी?"

नव्हतं विचारलं. आमच्या दोन खाटांमध्ये हातभर अंतर होतं.

अब्बा तिच्या घरी गेले आणि म्हणाले, माझ्या मुलीनं सांगितलं ते खोटं आहे. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. पण तबस्सुमचा रिश्ता ठरून गेला होता. दोन महिन्यांत तिचं बीदरला लग्न झालं. उदगीरला राहिलेल्यांनो, मुली शहरात जाऊन बिघडतात असं तुम्ही अजून म्हणता आणि तिचं उदाहरण देता. तिचं काहीही बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी, फोनवरून. आणि माझ्यासारखे जे घर सोडून निघाले, त्यांना सांगते: गल्ली मागं सुटली असं मलाही वाटलं होतं. ती मी बरोबर घेऊनच आले होते.

तिला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. हौसामावशी दुसरी मुलगी ठेवून घे म्हणायच्या, मी नको म्हणायचे. ऑफिसात एखाद्या रावीच्या नावापुढं 'सच्चा, पण ऐकीव सांगतो' असं टाइप करताना बोटं थांबायची. उदगीरला गेले की तिच्या गल्लीला वळसा घालून जायचे, आणि दोन दिवसांत परतीची एसटी पकडायचे.

या वर्षी, २०१० मध्ये, न कळवता बीदरला गेले. दार तिनंच उघडलं. कडेवर मुलगी होती. मी बोलायला लागले, तशी म्हणाली, "गुस्सा हूं मैं. बहुत दिन रहूंगी. बैठ."

मी बसले. तिनं पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि आत भात टाकायला गेली.

घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर उदगीर तोंडावर येत नाही, माणही येत नाही. आपण काय केलं हे ज्याला पुरतं ठाऊक आहे आणि तरी जो दार उघडतो, त्याचं घर ते आपलं, एवढंच मला कळलंय. तसं माझं घर बीदरला आहे, दोन भाड्याच्या खोल्यांत. तिथं मी आजवर एकदाच गेले आहे.