मर्लची रायफल

ओहायोतल्या आमच्या गावात कोणी जुनी लष्करी रायफल घेतली की त्याला व्हर्लिन स्टाउफरकडे जावंच लागे. नाही गेला तर व्हर्लिनच त्याच्याकडे येई. त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, पण जीव अडकलेला फौजेने मोडीत काढलेल्या बंदुकांत.

"घेणं सोपं रे, पोसणं अवघड," तो नवशिक्याला सांगे. "फौजेची जुनी काडतुसं स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या बुडातल्या मसाल्यात मीठ असतं. बार काढलास की त्याच दिवशी नळीत गरम पाणी ओत. नुसतं तेल फिरवलंस तर गंजलीच म्हणून समज. बायकोचा वाढदिवस विसर, हे विसरू नको."

चांदमारीला येताना त्याच्या बगलेत थर्मास असायचा, नळीत ओतायच्या गरम पाण्याचा. "कॉफी दे की घोटभर," म्हटलं की खरोखर चिडायचा.

आमच्या नेमबाजी क्लबचा जुना सभासद मर्ल फायफर वारला तेव्हा त्याच्या रायफलीसाठी दोन व्यापारी दारात आले. मर्लच्या बायकोने, लोरेनाने, दोघांनाही वाटेला लावलं आणि रायफल व्हर्लिनला विकली.

"तू जपशील म्हणून देतेय," ती म्हणाली. "सप्टेंबरात मर्लच्या नावाची स्पर्धा आहे. तिची पहिली गोळी हिच्यातूनच सुटली पाहिजे. मी झाडणार आहे."

व्हर्लिन महिनाभर भेटेल त्याला नळीत डोकवायला लावत होता. "बघ, आरसा आहे आरसा!"

जुलैत त्याने बंदुकांच्या जत्रेतून जुन्या काडतुसांचा डबा आणला. साल काडतुसाच्या बुडावर ठोकलेलं असतं; मिठाचा माल की नंतरचा बिनमिठाचा, ते त्यावरूनच कळतं. मी विचारलं, "कुठल्या सालची?" चष्मा खिशात होता, पण समोर दोन नवे सभासद उभे होते. त्याने काडतूस हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "नंतरचा माल आहे, बिनमिठाचा. मला शिकवतोस?"

मर्लच्या रायफलीतून भरपूर बार काढले, नळीतून तेलाचा बोळा फिरवला, आणि स्वारी मिशिगनला लेकीकडे गेली. पेटी उघडली ती थेट स्पर्धेच्या सकाळी. नळी गंजून लाल झाली होती. घासून घासून लाली गेली, खाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहिले. शेजारी बंदुका ठेवायच्या घोडीवर त्याची स्वतःची त्याच बनावटीची रायफल उभी होती. "आजच्यापुरती, असं वाटलं रे," तो मला नंतर म्हणाला.

मैदानाच्या प्रमुखाने, गस लिंडालने, रिवाजाप्रमाणे नळी तपासली. "व्वा व्हर्लिन, लोणी लावून ठेवतोस की काय?"

सगळे हसले. व्हर्लिन झेंड्याकडे बघत राहिला.

लोरेनाने दस्त्याला गाल टेकवला, चाप ओढला. निशाणाची लोखंडी पाटी ठणकन वाजली. टाळ्या पडल्या. तिने लाकडावर ओठ टेकले. "मर्लच्या हाताचा घाम मुरलाय यात. मला कळतं ते."

व्हर्लिन गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"लोरेना, ही त्याची नाही."

"काय बोलतोयस?"

"ही माझी. त्याची गाडीत आहे. मी गंजवली."

"तू?" गस म्हणाला. "गरम पाण्याचा पुजारी?" मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं.

लोरेनाने रायफल टेबलावर ठेवली. पालथ्या हाताने ओठ पुसले. "आण ती."

त्याने आणली. तिने नळी उजेडाकडे धरली, बराच वेळ आत बघितलं.

"चष्मा खिशात होता," व्हर्लिन पुटपुटला. "ही पोरं बघत होती म्हणून नाही लावला."

त्या पोरांना तेव्हा बुटांखालची खडी मोजायचं काम लागलं होतं. मलाही.

"गंजली त्याचं एवढं नाही रे," लोरेना म्हणाली. "लोखंड आहे, गंजतं. पण सगळ्यांदेखत तू मला तुझ्या लाकडाचा मुका घ्यायला लावलास."

रायफल घेऊन ती निघाली. व्हर्लिनने हात पुढे केला, तर तिने ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर स्वतःची शाल अंथरून तिच्यावर ठेवली, आणि काच खाली न करता निघून गेली.

गुण वाचून दाखवायचं काम दरवर्षी व्हर्लिनचं. त्या दिवशीही तो उभा राहिला. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं. "मोठ्याने वाच की, बाबा!" मागून लोक ओरडले. त्याने घसा खाकरला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुढच्या रांगेलासुद्धा ऐकू आलं नाही.