हयातीपुरतं रान

जळकोटच्या शांताक्कानं गोळ्या बंद केल्या, त्याला आता चार महिने होत आले होते. रक्तदाबाच्या गोळ्या हो, रोज सकाळी एक. डॉक्टरनं बजावलं होतं, "आजी, एक दिवस चुकवू नका." आजीनं मान डोलावली अन् घरी येऊन डबी फडताळात पार मागं सारून दिली. जगायचं कुणासाठी? नवरा रेवणप्पा जाऊन सहा वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. सकाळी एकच भाकरी थापायची, अर्धी तेव्हा खायची, अर्धी सांजच्याला. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला तर तो दारातल्या म्हशीशी, अन् तोही बहुतेक शिवीच.

दिवस कलला की ती हायवेच्या कडेच्या रानात जायची. तिथं लिंबाखाली रेवणप्पाची समाधी. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, अन् जमलं तर स्वतःच्याच रानात. समाधीच्या उजव्या अंगाला तेवढीच जागा मोकळी होती. रेवणप्पानं जिवंतपणी काठीनं रेघ ओढून दाखवली होती. "ही माजी, अन् ही तुजी. लई वाट बघाय लावू नको."

"आदी जेवून घ्या, मग मरा," असं शांताक्का तेव्हा खेकसली होती. आता समाधीपाशी बसून तेच आठवायची, एकटीच हसायची अन् एकटीच डोळे पुसायची. घर तिला खायला उठायचं. तिला आता त्याच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, बाकी काही नको होतं.

रेवणप्पा कागदाचा मोठा पक्का माणूस. तुळजापूरला जाऊन मृत्युपत्र करून आला होता. घर अन् रान बायकोनं ती हयात असेपर्यंत वहिवाटावं, पिकेल ते खावं. विकू नये, गहाण टाकू नये. तिच्या माघारी सगळं पुतण्या सिद्धारामचं. विहिरीच्या पाण्याची पाळी लिहिली, बांधावरच्या बोरी लिहिल्या. लिंबाखालच्या त्या मोकळ्या जागेचं मात्र अक्षर नाही. आपल्या बायकोला माती कुठं द्यायची हे कुणी स्टँपपेपरवर लिहितं का? तोंडानं सांगितलं, झालं!

वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात अन् रानं भरतात. शांताक्कानं एकटीच असून दहा माणसांची पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी केली, बाजरीचे वाफवलेले उंडे केले, माठभर आंबील केली अन् सगळं रानात लिंबाखाली नेलं. आलागेला जेवायला बसवायचा दिवस तो. अन् काय नवल, तीन वर्षांनी सिद्धाराम सोलापूरहून आला! म्हातारी हरखून गेली. त्याच्याबरोबर पांढऱ्या बुटातला एक पाहुणा होता. तिनं त्यालाही आग्रह करकरून वाढलं.

पाहुणा जेवला अन् हात धुऊन पावलांनी रान मोजत निघाला. समाधीपाशी थांबला. "हे काय?"

"काकांची समाधी," सिद्धाराम म्हणाला. "काडता येतंय ते."

शांताक्काच्या हातातली पळी थांबली. "काडता येतंय म्हंजे?"

"तसं न्हाय काकू. तुमी हाव तवर कोण हात लावतंय? तुमच्या माघारी हितं प्लॉट पाडायचेत. मदी समाधी असल्यावर कोण घील? काकांना मठाच्या आवारात हलवू."

"अन् मला?"

सिद्धारामानं आंबिलीचा घोट घेतला. "तुमचं बी करू की गावच्या स्मशानात. सणासुदीचं कशाला ते?" पोरगं वाईट बोलायचं म्हणून बोललं नव्हतं. त्यानं दुसऱ्यांदा भज्जी मागून घेतली, अन् तिनं वाढली.

दुसऱ्या दिवशी शांताक्का मृत्युपत्र पदरात बांधून तुळजापूरला गेली. वैदेही वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला.

"आजी, तुमचा हक्क हयातीपुरता. तुमचा श्वास थांबला, की त्याच क्षणी रान पुतण्याचं. तो त्याचा पुढचा हक्क आजसुद्धा विकू शकतो."

"मग मला माती द्यायच्या टायमाला रान कुणाचं?"

"त्याचं. नाहीतर तो ज्याला देईल त्याचं."

"मला ती जागा लागंल तवाच ती माजी नसंल? ह्यो कुटला कायदा गं बाई!" शांताक्काचा आवाज चढला अन् तसाच फुटला. वैदेहीबाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. पुतण्यानं राजीखुशीनं लिहून दिलं तर ठीक, नाहीतर मरणानंतरचं तुमच्या हातात काही नाही, असं त्यांनी सांगितलं.

शांताक्कानं पेला बाजूला सारला. मग तिनं विचारलं, "अन् म्या जिती हाय तवर?"

"तोवर ताबा तुमचा. त्यानं रान कुणालाही विकू दे, घेणाऱ्याला तुमच्या हयातीत आत पाऊल टाकता येत नाही. समाधीच्या दगडालाही हात लावता येत नाही."

"नक्की?"

"नक्की."

परतीच्या एसटीत तिनं सगळा हिशेब पुन्हा मांडला. जन्मभराचं गणित उलटं बसलं होतं. मरून त्याच्याजवळ जायचं म्हणून ती चार महिने वाट बघत होती, अन् मेली की त्यालाही तिथनं उठवणार होते. जगली तरच जवळ. मेली की ताटातूट, कायमची.

घरी येऊन तिनं फडताळातली डबी काढली, तांब्या घेतला अन् रानात गेली. काल खरकटं सांडलं होतं ते गोळा केलं. समाधीच्या उजव्या अंगाची जागा पदरानं झाडली अन् तिथं मांडी घालून बसली, माती देताना बसवतात तशी, ताठ.

"ऐकायलाव न्हवं?" ती समाधीकडं बघून म्हणाली. "म्या इतक्यात येत न्हाय. तुमीच वाट बघा."

मग तिनं गोळी जिभेवर ठेवली अन् वर तांब्याचं पाणी प्यायली.