सुचित्राची कुबडी

गुरुनाथ तसा साधा माणूस. अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनला एका कारखान्यात इंजिनिअर, तिथल्या हिवाळ्याला शिव्या घालत जगणारा. शिव्यांचं कारण बायको. सुचित्राचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. बर्फ पडला की कुबडी घसरायची आणि बाई अख्खा हिवाळा घरात कैद. म्हणून त्यानं गॅरेजमध्ये खपून कुबडीला नवं टोक बसवलं. भार पडला की त्यातून दात बाहेर येत आणि बर्फात रुतत.

त्या संक्रांतीला काळी साडी नेसून ती तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलबाहेरच्या बर्फावरून एकटी चालत गेली. काय टाळ्या पडल्या म्हणता! तिनं कुबडी उलटी करून सगळ्यांना दात दाखवले, कसे चालतात तेही सांगितलं. मंडळातल्या चैत्रालीनं फोटो काढून सगळं मंडळाच्या वेबसाइटवर टाकलं.

पेटंटचा अर्ज गुरुनाथनं त्यानंतर केला. अमेरिकेत चाललं, इथे आधी दाखवलं तरी वर्षभराची मुभा असते. एक जर्मन कंपनी माल बनवायला तयार झाली, त्या भरवशावर यानं नोकरीही सोडली. पण युरोपात मुभाबिभा काही नाही. अर्जाआधी चारचौघांत दाखवलंत? मग हक्क गेला. यानं तिकडे अर्ज केला तेव्हा पेटंट कचेरीच्या तपासनिसानं मंडळाचे फोटोच पुढे केले. कंपनीनं बोलणी मोडली आणि तेच टोक स्वतः बनवून तिकडे विकायला लागली. कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही!

बोलणी मोडल्याचा फोन ठेवल्या ठेवल्या गुरुनाथ सुचित्राला बोलून गेला, "तुझी मिरवायची हौस नडली."

लगेच जीभ चावली, पण उपयोग काय?

पुढे अमेरिका आणि युरोपच्या व्यापाराच्या बोलण्यांत हे नियम एकसारखे करायचं निघालं, तसा तो वॉशिंग्टनच्या खुल्या सुनावणीला गेला. हक्क परत मिळाला तर तो शब्दही पुसला जाईल, असं त्या वेड्याला वाटत होतं. तिथे दिवसभर कुठल्या चीजला कुठल्या गावाचं नाव लावायचं यावर हमरीतुमरी! याची पाळी शेवटी आली. साहेब म्हणाले, नियम बदलला तरी पुढच्यांसाठी. तुमचं झालं ते झालं.

पुन्हा संक्रांत आली. गुरुनाथनं हॉलसमोर गाडी उभी केली, दार उघडून कुबडी पुढे धरली.

"अगं चल ना, सगळे वेट करतायत."

सुचित्रानं ती हातात घेतलीच नाही. "मी चालले म्हणूनच तर गेलं ना सगळं? तुम्ही जाऊन या."

त्यानं कुबडी मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी वळवली. त्या वर्षी बर्फ पुष्कळ पडला. ती पुन्हा घराबाहेर पडली नाही.